क्लेतो मास्तरांनी पुढे केलेला हात

आमच्या मालाबनिग गावच्या रस्त्यावरून क्लेतो मास्तर चालायचे ते दोन्ही हात पाठीमागे बांधून. समोरून शाळेतली पोरं यायची, "मानो पो, मास्तर" म्हणत वाकायची. थोरामोठ्यांचा हात घेऊन कपाळाला टेकवायचा ही आमच्याकडची रीत, ती चालता येऊ लागल्यापासून पोरांच्या अंगात असते. पण मास्तर हात सोडवायचे नाहीत. मान हलवून "देव भलं करो" एवढं पुटपुटायचे आणि पुढे निघायचे. पोरं वाकलेली तशीच उभी राहायची.

गावाने याचे नाना अर्थ लावले. कोणी म्हणे, सांधे धरलेत. कोणी म्हणे, पेपरात फोटो आल्यापासून म्हातारा शेफारलाय. नाक्यावरच्या दुकानातला इस्को तर गिऱ्हाइकांसमोर उघडच बोलायचा, "अहो, बिशप हात देतो, गव्हर्नर हात देतो. हे कोण लागून गेलेत?"

खरं कारण फक्त दोघांना ठाऊक आहे असं मास्तर समजून चालले होते. एक ते स्वतः आणि दुसरा नुल्फो. नुल्फोने एकदा, फक्त एकदाच, पुन्हा आपला हात कपाळाला लावावा, एवढीच गोष्ट मास्तरांना आता हवी होती. ती मागायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

मास्तर गावच्या शाळेत खेळ शिकवायचे. आमच्या मुलखात खेळ म्हणजे बास्केटबॉल. झाडाला लोखंडी कडं ठोकलं की झाला क्रीडाविभाग. पण मास्तरांचा जीव गोळाफेकीवर. तरुणपणी स्वतः फेकायचे, पण उंचीने दगा दिला आणि प्रांताच्या पलीकडे मजल गेली नाही. "गोळा चांगला होता, माणूस अपुरा पडला," असं स्वतःच सांगून हसायचे. शाळेच्या मागे, सांतोलच्या झाडाजवळ त्यांनी स्वतःच्या हाताने सिमेंटचं वर्तुळ घातलं, पुढच्या कडेला माडाच्या खोडाची वाकडी फळी बसवली आणि मधोमध चुन्याची पांढरी रेघ ओढली. लोक विचारायचे, मास्तर, कोंबड्यांची झुंज लावणार का?

त्या वर्तुळाला लायक माणूस त्यांना बाजारात सापडला. फणसाचा ट्रक भरत होते. बाकीची माणसं फणस दोन्ही हातांनी कवटाळून वर देत होती आणि एक दांडगा पोरगा मात्र फणस हनुवटीखाली टेकवून एका हाताने वर ढकलत होता. वरचा माणूस तो झेलताना दोनदा उताणा पडला आणि आईबहिणीवरून शिव्या देऊ लागला. मास्तर तिथेच थबकले.

"कुणाचा रे तू?"

"मी पाडला नाही, मास्तर. त्याला झेलता येत नाही."

"पाडला नाहीस म्हणूनच विचारतोय."

पोरगा खोबऱ्याची पोती भरणाऱ्या हमालाचा होता. घरी खाणारी तोंडं बरीच, त्यामुळे तो मास्तरांकडे जेवायला लागला आणि मग तिथलाच झाला. मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला, लुमिंगला, मूलबाळ नव्हतं. लुमिंग त्याला ताटात नाही, परातीत भात वाढायची, वर आंबट मासळीचा रस्सा. "हा खातो तेव्हा भांडीसुद्धा घाबरतात," ती म्हणायची. तो तिला नानाय म्हणू लागला, म्हणजे आई. मास्तरांना मात्र तो मास्तरच म्हणत राहिला. बाप म्हणायला त्याचा खरा बाप होता आणि त्याचा मान ठेवायला हवा होता.

नुल्फोची ताकद देवाने दिलेली. शिकवायला कठीण गेली ती एकच गोष्ट. गोळा सुटला की हा त्याच्यामागे धावायचा, जसा काही कोणी तो पळवून नेणार होता. गोळाफेकीत नियम असा की गोळा पडल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडायचं. पांढऱ्या रेघेच्या पुढच्या बाजूने पाय बाहेर पडला की फेक बाद, मग ती समुद्रापार गेलेली का असेना. मास्तरांनी ओरडून पाहिलं, चपला फेकून पाहिल्या, एकदा तर कमरेला दोरी बांधून मागे ओढलं. दोरी तुटली आणि मास्तरच पडले.

मग त्यांना युक्ती सुचली. ते वर्तुळाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि उजवा हात पुढे केला, पालथा, बोटं सैल सोडून, मानो घेण्यासाठी थोर माणूस करतो तसा.

"इथे बघ. गोळा पडला म्हणजे फेक संपली असं समजू नकोस. तू वळून माझ्या हातापाशी येशील तेव्हा संपली. टाकायचं, थांबायचं, वळायचं, हात कपाळाला लावायचा. मग मी सांगेन बरी झाली का वाईट."

ही मात्रा लागू पडली. मोठ्यांचा हात पुढे आला की आमच्याकडचं पोर दुसरीकडे जाऊच शकत नाही. पाऊस असो, चिखल असो, मास्तर मागे हात धरून उभे आणि नुल्फो गोळा टाकून त्या हाताकडे चालत येतोय, असं वर्षानुवर्षं चाललं. लुमिंग दारातून ओरडायची, "पुरे करा आता, पोराचं कपाळ झिजेल." नुल्फोच्या अंगात ते इतकं मुरलं की पुढे नौदलाच्या संघात मनिलाला गेल्यावरही त्याची फेक कधी त्या कारणाने बाद झाली नाही. तिथल्या प्रशिक्षकांनी त्याचं सगळं बदललं, पाय, खांदा, खाणं. वळणं तेवढं मास्तरांचं राहिलं. नाताळला तो गावी आला की पिशवी खाली ठेवायच्या आधी मास्तरांचा हात शोधायचा.

मास्तर शाळेतून निवृत्त झाले आणि रिकामं बसवेना म्हणून पंचाची परीक्षा देऊन पंच झाले. माणूस काटेकोर, त्यामुळे नाव झालं. मग एका वर्षी आग्नेय आशियाचे खेळ आपल्याच देशात भरले आणि पुरुषांच्या गोळाफेकीला वर्तुळापाशी बसायला क्लेतो मास्तरांना बोलावणं आलं. नेमणूक करणाऱ्याने विचारलं, "स्पर्धकांत कोणी नातलग?"

"नाही," मास्तर म्हणाले. ते खरंच होतं. रक्ताचं नातं कुठे होतं?

लुमिंगने त्यांच्या पंचाच्या निळ्या कोटाला इस्त्री करताना सांगितलं, "पोराकडे बघून हसू नका तिथे. तुम्ही हसलात की तो लहान होतो."

"मी काय कुकुलं बाळ आहे मला शिकवायला?"

"तुम्हीच तर आहात," ती म्हणाली.

त्या दिवशी मैदानावर ऊन असं होतं की गोळ्यांवर ओली फडकी टाकून ठेवली होती. मास्तर वर्तुळाच्या पुढच्या अंगाला, फळीजवळ खुर्चीवर बसले. मांडीवर दोन निशाणं, चांगल्या फेकीला पांढरं, बाद फेकीला लाल. सुरुवातीपासून त्यांनी नुल्फोकडे इतर सगळ्यांसारखंच पाहिलं, म्हणजे फक्त पायांकडे. थायलंडचा एक रुंद छातीचा गडी पहिल्या फेकीपासून सगळ्यांच्या पुढे होता. मलेशियाचा त्याच्या मागे आणि नुल्फो तिसरा. नुल्फोच्या फेका नीट होत्या पण त्यांत जीव नव्हता. प्रेक्षक त्याचं नाव घेऊन ओरडत होते आणि त्या ओरड्याने तो अधिकच आखडत होता.

शेवटची फेक उरली. तो वर्तुळात आला, पाठमोरा उभा राहिला, गोळा मानेत रुतवला. मास्तरांना त्याच्या मानेवरचा पांढऱ्या भुकटीचा डाग दिसला आणि का कोण जाणे, फणस आठवला. मग तो वाकला, सरकला आणि उसळला. गोळा हातातून सुटताना जो आवाज त्याच्या घशातून निघाला तो मास्तरांनी सांतोलच्या झाडाखाली एखाददुसऱ्या वेळीच ऐकला होता. तो कानी पडला की गोळा बघायची गरज नसायची. तरी त्यांनी पाहिलं. थाई गड्याच्या खुणेपलीकडे, चांगला वीतभर पलीकडे, गोळा मातीत रुतला.

अख्खं मैदान उठून उभं राहिलं. नुल्फो फळीला पाय अडवून डुलला, सावरला, ताठ झाला. पाय आतच होता. आता फक्त वळायचं आणि मागून बाहेर पडायचं.

मास्तर उभे राहिले होते. निशाणं डाव्या हातात गेली होती. आणि सगळ्यांचे डोळे गोळ्यावर असताना त्यांचा उजवा हात वर आला. त्यांनी तो आणला नाही, तो आला. पालथा, बोटं सैल, जसा हजारो वेळा आला होता तसा. फरक एवढाच की त्या सगळ्या वेळी मास्तर वर्तुळाच्या मागे उभे असायचे आणि आज पुढे होते.

नुल्फोने हात पाहिला. त्याच्या तोंडावर हसू पसरलं आणि तो फेक संपवायला निघाला. रेघेच्या पुढच्या बाजूने पाय बाहेर टाकून तो आला, वाकला आणि त्याने हात कपाळाला लावला. "मानो पो, मास्तर." कपाळ घामाने भिजलेलं आणि तापलेलं होतं. एक क्षण, अगदी एकच क्षण, मास्तरांच्या आयुष्यात काही कमी नव्हतं.

मग दोघांनीही खाली पायाकडे पाहिलं.

मास्तरांनी लाल निशाण वर केलं. हात थरथरला नाही, याचंच त्यांना नंतर सगळ्यात जास्त वाईट वाटायचं. मैदानाने जो गोंधळ घातला तो टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिला. मुख्य पंच धावत आले. परके होते, सिंगापूरकडचे, शांत स्वभावाचे. त्यांनी नुल्फोला बाजूला उभं केलं आणि मास्तरांना विचारलं, "हा पुढून का आला? तुम्ही काही खूण केलीत का त्याला? काही बोललात? तसं असेल तर मला त्याला पुन्हा फेकायला देता येईल."

असं थेट, स्वच्छ विचारलं. हो म्हणायचं होतं फक्त. पण हो म्हटलं की पंच स्पर्धकाला हात देत होता हे उघडं पडणार, मग नातं विचारलं जाणार, निळा कोट उतरवावा लागणार आणि तो सगळ्या देशासमोर. मास्तरांची पाचावर धारण बसली. इतकी वर्षं ज्या नावाला त्यांनी जपलं होतं ते त्यांच्या तोंडावर येऊन बसलं.

"नाही," ते म्हणाले.

नुल्फो दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने ऐकलं. मुख्य पंच त्याच्याकडे वळले, "तुला काही म्हणायचंय?" नुल्फोने मास्तरांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाही, साहेब. माझी चूक." शिष्य परक्या माणसांदेखत मास्तरांना खोटं कसं पाडणार?

पदक अगदीच गेलं असं नाही. तिसरा तो होताच, कांस्य मिळालं. पण लोकांना ते दिसलंच नाही. हातातलं सोनं म्हाताऱ्या पंचाचा हात घ्यायला टाकून आला म्हणून त्याची टिंगल झाली. बाजारात पोरं वर्तुळ आखून पुढून बाहेर पडायची आणि एकमेकांचे हात चाटायची. पुढच्या वर्षी नुल्फो संघात नव्हता. नौदलही सुटलं. तो बातांगासला एका गोदामावर पहारेकरी झाल्याचं कानावर आलं. नाताळला तो आला नाही, त्याच्या पुढच्या नाताळलाही नाही.

मास्तरांचा मात्र गौरव झाला. आपल्याच देशाच्या माणसाविरुद्ध लाल निशाण दाखवणारा पंच म्हणून पेपरात फोटो आला. गावच्या कॅप्टनबाईंनी, म्हणजे सरपंचच म्हणा, चौकात ताडपत्रीवर छापलेलं भलंमोठं तारपोलीन टांगलं, त्यावर निशाण धरलेले मास्तर आणि खाली 'प्रामाणिक पंच, मालाबनिगचा अभिमान'. मास्तरांना रोज त्याच्याखालून जावं लागायचं. त्याच दिवसांत त्यांनी हात पाठीमागे बांधायला सुरुवात केली. तो उजवा हात कुणा पोराने कपाळाला लावावा असा राहिला नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं.

तारपोलीन फार दिवस टिकलं नाही. एका सकाळी लुमिंगने शिडी लावून ते उतरवलं आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलं, छापलेली बाजू आत करून. "उन्हाने तळमळतायत बिचाऱ्या," ती म्हणाली. कॅप्टनबाई रुसल्या. इस्को म्हणाला, "चला, कोंबड्यांना तरी रोज अभिमान बघायला मिळेल." मास्तरांना मनातून सुटल्यासारखं वाटलं. बायको साधी, तिला काय कळतंय, देवानेच करवलं, असं त्यांनी मानून घेतलं. लुमिंग अधूनमधून बातांगासला बहिणीकडे जायची, सोबत सुक्या मासळीची पुडकी न्यायची. बहिणीला एवढी मासळी कशाला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. परतल्यावर ती दोन दिवस गप्प असायची, मग पुन्हा भांडायला लागायची.

अशी वर्षं गेली. मग लुमिंग एका आठवड्याच्या तापात गेली.

तिची शवपेटी पुढच्या खोलीत ठेवली होती. दुपारची वेळ, अंगणात छपराखाली पत्त्यांचे डाव, कॉफी, बिस्किटं, कलिंगडाच्या बिया. आमच्याकडे मयताच्या घरात माणसं हसतात, खेळतात, मयताला एकटं वाटू नये म्हणून. मास्तर पेटीजवळ खुर्चीवर बसले होते. हात मांडीवर होते, पाठीमागे बांधायची ताकद उरली नव्हती.

दारात उजेड अडला. नुल्फो होता, पहारेकऱ्याच्या गणवेशातच आलेला. अंग सुटलं होतं, केस विरळ झाले होते. तो आधी पेटीपाशी गेला, झाकणाच्या काचेवर तळवा ठेवून उभा राहिला आणि आवाज न करता रडला. मग नाक पुसून मास्तरांसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात कुणीतरी देऊ केलेला कॉफीचा कप होता.

मास्तरांनी उजवा हात वर केला. पालथा, बोटं सैल. या वेळी त्यांनी तो स्वतः उचलला. अंगणातला इस्को पत्ता टाकायचा थांबला.

नुल्फो हाताकडे पाहत राहिला.

"मी खोटं बोललो होतो, नुल्फो," मास्तर त्याच्यापुरतंच म्हणाले.

"माहीत आहे, मास्तर."

"तू सांगायचं होतंस त्या साहेबाला."

"तुम्ही नाही म्हणालात. त्यावर मी काय बोलणार होतो?" त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. "मी एकाच माणसाला सांगितलं. त्याच संध्याकाळी, फोनवर. नानायला."

मास्तरांचा हात तसाच हवेत राहिला. "लुमिंगला?"

"ती म्हणाली, मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. ते माझ्याशी बोलायचे बंद होतील आणि मग मी भांडू कुणाशी? दर खेपेला विचारायची, जाऊन एकदा हात घे रे त्यांचा. मी म्हणायचो, जाईन. तिला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचो."

मास्तरांनी पेटीकडे पाहिलं. खुराड्यावरचं तारपोलीन, बातांगासची बहीण, दोन दिवसांचं गप्प राहणं, सगळं त्यांच्यासमोर येऊन उभं राहिलं. इतकी वर्षं ती समोर बसून जेवली होती, माशातला चांगला तुकडा त्यांच्याकडे सरकवत होती आणि तिला सगळं ठाऊक होतं.

नुल्फो वाकला. मास्तरांनी डोळे मिटले आणि ते त्या तापलेल्या कपाळाची वाट पाहू लागले. नुल्फोने त्यांचा हात धरला, हळूच उलटा करून उताणा केला आणि त्यावर कॉफीचा कप ठेवला. कप पडू नये म्हणून त्यांची बोटं एकेक करून त्याच्याभोवती मिटवली.

"घ्या. सकाळपासून पोटात काही नाही म्हणे तुमच्या."

एवढं बोलून तो वळला, पेटीला पुन्हा एकदा हात लावला आणि दाराबाहेर पडला. अंगणातून इस्को पत्ते सावरत शेजाऱ्याला म्हणाला, "पाहिलंस? काही म्हण, पोराचा मास्तरांवर जीव आहे."

मयताच्या घरून निघालेल्या माणसाला पोचवायला उठायचं नसतं, अशी आमच्याकडे रीत आहे. मास्तर उठले नाहीत.